इंग्रजीतलं ‘तुम्ही’

आमच्या ऑफिसात मला सगळे ‘काकू’ म्हणतात. शिकागोजवळच्या शॉमबर्गमधल्या एका काचेच्या इमारतीत, जिथे मराठी बोलणारं माझ्याशिवाय आणखी एकच माणूस आहे, तिथे. पूर्वी तिथले लोक माझ्या चांगल्या चार अक्षरी नावाची दोनच अक्षरं उच्चारायचे आणि तीही चुकीची. त्यापेक्षा ‘काकू’ बरं, असं मी ठरवून टाकलंय. ‘कू’ जरा जास्तच लांबवतात, पण चालायचंच.

याची सुरुवात आमच्या नव्या डिरेक्टरबाईंनी केली, आणि तीही चुकून.

आमची कंपनी मोठमोठ्या गोदामांतल्या सरकत्या पट्ट्यांसाठी सॉफ्टवेअर बनवते. कुठलं खोकं कुठल्या पट्ट्यावरून कुठल्या ट्रककडे वळवायचं, हे ते सॉफ्टवेअर ठरवतं. त्यातलं बरंचसं माझ्या हातचं आहे. आता मी साठीच्या उंबरठ्यावर आले, आणि माझं सॉफ्टवेअरही म्हातारं झालं. दोघांच्याही कुरबुरी चालू असतात, पण काम थांबत नाही.

नव्या डिरेक्टरचं नाव आणि फोटो असलेली मेल आली त्या दिवशी मी घरून काम करत होते. फोटो पाहिला आणि अशी ओरडले की नवरा बागेतून खुरपं घेऊनच आत धावत आला. तो डॉक्टर, आता रिटायर्ड. त्याला वाटलं मला काहीतरी झालं.

“अरे, ही आपली ती!” मी म्हटलं. “मराठी शाळेतली! जी मला भंडावून सोडायची!”

आमच्या मंडळाची मराठी शाळा रविवारी भरते. एका पब्लिक स्कूलचे दोन वर्ग भाड्याने घ्यायचे, आणि मुलांना गोडीगुलाबीने ‘क’ ‘ख’ ‘ग’ पाजायचं. मी तिथे बरीच वर्षं शिकवलं. ही तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेल. आईवडील पुण्याचे, दोघंही इंजिनिअर. मुलगी इथेच जन्मलेली. तिला ‘ळ’ कधीच आला नाही, आणि प्रश्न मात्र कधीच संपले नाहीत. बाळाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात. हिचे पाळण्याबाहेर आलेले दिसत होते.

ती मला म्हणायची, “काकू, तू इकडे बस ना.” मी म्हणायचे, “तू बस नाही. तुम्ही बसा.” दर रविवारी हेच. इथली बहुतेक मुलं तशीच बोलतात. घरात आई-बाबांना एकमेकांना ‘तू’ म्हणताना ऐकतात, आणि तोच ‘तू’ जगभर वाटत सुटतात. बाकीची मुलं मान डोलवायची आणि पुढच्या रविवारी पुन्हा तेच म्हणायची. हिने मात्र एकदा वर्गात हात वर केला.

“काकू, व्हाय? यू इज यू.”

“मोठ्यांना ‘तुम्ही’ म्हणतात.”

“बट आय से ‘तू’ टु आई. आई मोठी आहे.”

“आई जवळची आहे.”

“आजी प्रेज ना, शी सेज ‘तू’ टु देवबाप्पा. देव इज बिगर दॅन यू, काकू.”

वर्ग संपत आला होता, बाहेर आईबाप गाड्या सुरू ठेवून खोळंबले होते, आणि मी जाम वैतागले होते. मी म्हटलं, “हे बघ. ज्याच्याशी भांडता येतं त्याला ‘तू’ म्हणायचं. आईशी भांडतेस ना? देवाशीपण भांडता येतं. माझ्याशी भांडायचं नाही. म्हणून मला ‘तुम्ही’. कळलं?”

हा नियम कुठल्याही व्याकरणात नाही. तोंडाला आला म्हणून फेकला होता. पण तिला तो एकदम पटला. “ओह,” म्हणाली, “ओके.” आणि त्या दिवसापासून ती मला न चुकता ‘तुम्ही’ म्हणू लागली. पुढे ती कॉलेजला लांब गेली, मग कॅलिफोर्नियात सनीव्हेलला नोकरीला लागली, आणि तिच्या आईकडून कधीमधी गणपतीत बातमी कळायची, तेवढंच.

तर आता ही माझी बॉस होणार होती. माझ्या मुलाच्या वयाची.

पहिल्या दिवशी खालच्या मोठ्या हॉलमध्ये सगळ्या डिपार्टमेंटची मीटिंग होती. ती माइक घेऊन बोलत होती. जुन्या सिस्टिमबद्दल कोण जाणतं, असं काहीसं सांगताना तिची नजर माझ्यावर पडली आणि हात माझ्याकडे करत ती म्हणाली, “...अँड ऑफ कोर्स, काकू...” पुढे शब्दच नाही. कान लालबुंद झाले पोरीचे. सगळा हॉल माझ्याकडे बघायला लागला. मीही बघायला लागले, जमिनीकडे.

मीटिंग संपल्यावर आमच्या टीममधला एक वयस्क पोलिश इंजिनिअर माझ्याकडे आला. उंचापुरा, मिशीवाला, फारसं न बोलणारा. काकू म्हणजे काय, विचारलं. मी सांगितलं, बापाच्या भावाची बायको. तर म्हणाला, “मग तू तिच्या बापाच्या भावाची बायको आहेस?” म्हटलं, नाही, मी तिच्या आईबाबांची मैत्रीण. त्याने मान हलवली. “आह. चोचा.” त्यांच्यातही आईबापांच्या मैत्रिणींना मुलं मावशीच म्हणतात म्हणे. झालं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळी टीम मला ‘काकूऊ’ म्हणायला लागली.

ती मात्र त्यानंतर ऑफिसात मला पूर्ण नावानेच हाक मारायची, चारही अक्षरं नीट उच्चारून. आम्ही ओळखीच्या आहोत हे तिने पहिल्याच दिवशी एचआरला लेखी कळवलं होतं, हे मला मागाहून समजलं.

आता खरं सांगते. सुरुवातीला मी तिच्याकडे जरा मिश्कीलपणेच बघत होते. ‘ळ’ न येणारी पोर, ही काय आम्हाला चालवणार! पण पहिल्या पंधरवड्यातच माझी भुवई जी वर गेली, ती अजून पुरती खाली आलेली नाही.

तिने प्रत्येकाला एकेकटं बोलावलं. काम, अडचणी वगैरे सगळं विचारलं, ते सगळेच विचारतात. शेवटी मात्र तिने एक प्रश्न विचारला, जो इतक्या वर्षांत मला कुठल्याही साहेबाने विचारला नव्हता. वाईट बातमी द्यायची वेळ आली, तर ती कशी ऐकायला आवडेल?

आम्ही नंतर कॉफीच्या मशीनजवळ एकमेकांना विचारलं, तू काय सांगितलंस म्हणून. पोलिश बुवा म्हणाला, “सरळ. आधी गोड बोलून मग मारायचं नाही.” आमची टेस्टर, व्हिएतनामहून लहानपणी आलेली, अतिशय अबोल बाई. तिने सांगितलं होतं, लिहून द्या, आदल्या दिवशी, म्हणजे मला समोर बसून चेहरा सांभाळावा लागणार नाही. मी काय म्हणाले? मी हसत हसत म्हणाले होते, “तोंडावर सांग. आणि मराठीत!”

ती हसली नाही. तिने ते टाइप करून ठेवलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे, पण ते मला तेव्हा कळायचं होतं.

मग मीटिंगा. आमच्या मीटिंगा म्हणजे ज्याचा आवाज मोठा त्याचं राज्य, आणि माझा आवाज नागपूरचा. तिने काय केलं, मीटिंगच्या सुरुवातीला सगळ्यांनी गप्प बसून आपलं म्हणणं लिहायचं, मग सगळ्यांचं वाचायचं, आणि मगच तोंड उघडायचं. मला पहिल्यांदा हसू आलं. परीक्षा हॉल वाटला. पण तिसऱ्या का चौथ्या मीटिंगला आमच्या टेस्टरबाईंनी लिहिलेला परिच्छेद वाचला आणि मी खुर्चीत सरळ बसले. ओल्या खोक्यांवरचं लेबल पट्ट्यावर अर्धवट वाचलं जातं तेव्हा आमची सिस्टिम काय घोळ घालते, आणि तो का सुटत नाही, हे त्या बाईने पाच ओळींत मांडलं होतं. ती वर्षानुवर्षं माझ्या शेजारी बसत होती. तिच्या डब्यात काय असतं हे मला ठाऊक होतं, पण डोक्यात काय असतं हे मी पहिल्यांदा वाचत होते. आणि ते बाहेर काढायला या पोरीला काय लागलं? नुसती शांतता. मी थक्क झाले, अक्षरशः थक्क. घरी आल्यावर नवऱ्याला दोनदा सांगितलं.

असंच पुष्कळ. रमजानात रोजा ठेवणाऱ्यांच्या मीटिंगा सकाळी घेतल्या जाऊ लागल्या, त्याचा गाजावाजा न करता. पोलिश बुवाला सगळ्यांदेखत शाबासकी दिली की तो आक्रसून जातो हे तिच्या लक्षात आलं, तर ती त्याच्या टेबलाशी जाऊन हळूच दोन शब्द सांगायची. मला मात्र सगळ्यांदेखत. मला आवडतं, हेही तिच्या लक्षात आलं होतं! प्रत्येक माणसाचं आपापलं व्याकरण असतं, आणि ही ते शिकत चालली होती, एकेक करत. मी आमच्या गावी आणि या देशात मिळून कितीतरी साहेब पाहिले. सगळ्यांना सारखं वागवतो अशी फुशारकी मारणारे पाहिले. हे असलं काही पाहिलं नव्हतं.

आणि मग नव्या सिस्टिमची घोषणा झाली.

जुनं सॉफ्टवेअर हळूहळू मोडीत काढायचं, आणि पूर्ण नवं लिहायचं. मोठं काम. त्याला एक लीड नेमायचा होता, आणि कोण तो, हे ठरवायचं होतं तिने. मला ते हवं होतं. आढेवेढे घेत नाही, मला ते फार हवं होतं. जुनं मी उभं केलं, तर नवंही माझ्याच हातून उभं राहावं आणि मग मी सुखाने घरी जावं, असा माझा हिशोब होता. माझ्याशिवाय दुसरं कुणाचं नाव माझ्या डोक्यातही येत नव्हतं.

मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका म्हणाल्या, “आता काय बाई, बॉस घरचीच!” मी वरवर चिडले. माझं काम बोलतं, मला वशिला लागत नाही, असं सुनावलं. पण मनात मांडे खायला सुरुवात झाली होती हे कशाला नाकारू?

नवऱ्यालाही मी रोज तेच ऐकवत होते. परफॉर्मन्स, ग्रोथ, लीडरशिप. तो म्हणाला, “आमच्या धंद्यात ग्रोथ सापडली की कापून काढतात.” मी त्या दिवशी त्याला चहा दिला नाही.

फेब्रुवारीचे दिवस होते. बाहेर पार्किंगमध्ये बर्फाचे काळे ढिगारे साचले होते. तिने मला वरच्या मजल्यावरच्या छोट्या खोलीत बोलावलं. मी नीट साडेतीन मिनिटं आरशासमोर घालवून गेले, लिपस्टिक वगैरे लावून. ती आधीच बसली होती. समोर लॅपटॉप नाही, कागद नाही. हात एकमेकांत घट्ट धरलेले.

“काकू,” ती म्हणाली.

ऑफिसात, त्या पहिल्या दिवसानंतर, पहिल्यांदाच. आणि मला कळलं, कारण पुढचं वाक्यही मराठीतच होतं.

“काकू, मी प्रॅक्टिस केला आहे. पण चुकला तर सॉरी.”

“बोल,” मी म्हटलं.

“नवीन सिस्टिमचा लीड तुम्ही नाही. मी निर्णय घेतली आहे.”

“घेतला,” मी म्हटलं. वर्षानुवर्षांची सवय, जीभ आपोआप वळली.

“घेतला. थँक यू.” मग तिने नाव सांगितलं.

ती मुलगी आमच्याच टीममधली. शिकागोच्या साउथ साइडची, कृष्णवर्णीय, तिशीतली, आजोळी मोठ्या शिस्तीत वाढलेली. हुशार होती, मेहनती होती, यात वादच नाही. ती मला “येस, मॅम” म्हणायची. मी काही सांगितलं की “येस, मॅम”. मला ते फार गोड वाटायचं. आमच्याकडच्या वळणाचं वाटायचं. मी तिला कितीतरी शिकवलं होतं. आणि आता ती लीड, आणि मी?

नाकाला मिरच्या झोंबल्या. म्हटलं, “का? माझं काम कमी पडलं?”

“नाही, नाही. काम टॉप आहे. तुमचा रेटिंग टॉप आहे. परफॉर्मन्स इज नॉट द क्वेश्चन.” ती थांबली. इंग्रजीत गेली की तिचं वाक्य धावायचं, मराठीत आली की दगडावर पाय ठेवत ओढा ओलांडल्यासारखं. पण ती पुन्हा मराठीत आली. “लास्ट मंथ, रिव्ह्यूमध्ये तुम्ही सांगितलं, जुनी रांग ठेवायची. खोक्यांची. सगले ओके म्हणाले.”

“मग? बरोबरच होतं ते.”

“मे बी. पण नंतर माझ्याकडे लोक आले. एक एक. दरवाजा बंद करून. त्यांना पटला नव्हता. मी विचारलं, मीटिंगमध्ये का नाही बोललात? ते म्हणाले, ‘इट्स काकू.’”

खोलीत हीटरचा आवाज येत होता.

“तुम्ही मला शिकवलं होतं,” ती म्हणाली. “ज्याच्याशी भांडता येतं, त्याला ‘तू’ म्हणायचं.”

मला क्षणभर आठवेचना. मग आठवलं. तो वर्ग, गाड्या सुरू ठेवून उभे असलेले आईबाप, तो हवेत गेलेला हात.

“काकू, हे सगले तुमच्यावर प्रेम करतात. आय मीन इट. पण तुमच्याशी कुणाला भांडता येत नाही. ती ‘येस, मॅम’ म्हणते ना? ते सगले तुम्हाला ‘तुम्ही’ म्हणतात, काकू. इंग्लिशमध्ये.”

इथे मला राग यायला हवा होता. आला, पण मागून आला. आधी आला तो अचंबा. इंग्रजीत ‘तुम्ही’ नाही, हे मी या देशात आल्यापासून सांगत आले. बिचारी भाषा, हिला मान देताच येत नाही, असं म्हणून किती हसले असेन. आणि ही पोर माझ्यासमोर बसून मला दाखवत होती की आहे, इंग्रजीतही ‘तुम्ही’ आहे, आणि ते माझ्याभोवती भिंतीसारखं उभं आहे. मी वैतागून फेकलेला एक नियम तिने इतकी वर्षं जपून ठेवला, आणि त्याच्या उजेडात माझी अख्खी टीम वाचून काढली. गुरूची विद्या गुरूला फळली म्हणतात. मी तर मास्तरीणही रविवारपुरतीच होते.

“आणि माझी जागा?” मी शेवटी विचारलं.

“तिच्या टीममध्ये. सगल्यात सीनियर. आय नीड यू टु बी द पर्सन शी आर्ग्यूज विथ.” मग पुन्हा मराठीत, शब्द शोधत, “तिने तुमच्याशी भांडायला पाहिजे. तरच सिस्टिम चांगला होणार. आणि ती पण मोठी होणार.”

“आणि मी नाही म्हटलं तर?”

“तर मला खूप वाईट वाटेल,” ती म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज हलला नाही. “पण निर्णय तोच राहील.”

मी उठले. दाराशी वळून एवढंच म्हटलं, “सगल्यात नाही. सगळ्यात.” आणि बाहेर पडले. दुष्टपणाच होता तो, पण त्या वेळी हातात दुसरं काही नव्हतं.

गाडीत बसून मी रडले. काच पुसायच्या पट्ट्या सुरू होत्या, बर्फ पडत नसताना. संताप, अपमान, सगळं होतं. पण त्या सगळ्याच्या खाली एक गोष्ट टोचत होती, की तिला हे इंग्रजीत दोन मिनिटांत उरकता आलं असतं. किंवा मेलवर. तिला ज्या भाषेत धड निर्णयाचं लिंगही सांगता येत नाही, त्या भाषेत ती माझ्यासमोर बसली, अडखळली, चुका दुरुस्त करून घेतल्या, का? तर मी एकदा गमतीत म्हटलं होतं, मराठीत सांग. नंतर तिच्या आईने सांगितलं की रविवारभर ती फोनवर आईला मराठी वाक्यं विचारत होती. पण नाव कुणाचं आणि काम काय ते तिने आईलाही सांगितलं नाही. आईला वाटलं, लेकीला एखादा मराठी मुलगा आवडला असावा.

मी राजीनामा दिला नाही. तेवढी मी खुळी नाही. पण तोंड मात्र फुगवलं. काही दिवस मी मीटिंगांत “ओके” आणि “शुअर” यापलीकडे बोलले नाही. नवी लीड माझ्याकडे यायची, काही विचारायची, मी जेवढ्यास तेवढं उत्तर द्यायचे, ती “थँक यू, मॅम” म्हणून जायची. तिच्या डोळ्यांखाली काळं यायला लागलं होतं. पोलिश बुवा एकदा कॉफीच्या मशीनजवळ म्हणाला, “चोचा रागावली की घरात कुणी जेवत नाही.” मला हसू आलं, पण मी ते दाखवलं नाही.

मग नव्या सिस्टिमच्या आराखड्याची मीटिंग आली. नेहमीसारखं आधी सगळ्यांनी गप्प बसून लिहिलं. मीही लिहिलं. राहवलं नाही, किती दिवस ‘शुअर’ म्हणणार? पट्टा मध्येच बंद पडला तर खोकी कुठे वळवायची, याबद्दल मी माझा जुना आडाखा लिहिला. एका जागी सगळा निर्णय घ्यायचा, बाकीच्यांनी ऐकायचं. कितीतरी गोदामांत चाललेलं, पारखलेलं.

सगळ्यांचं वाचून झालं. नवी लीड माझ्या परिच्छेदापाशी आली. तिने एकदा डिरेक्टरकडे पाहिलं. डिरेक्टर टेबलाकडे बघत होती, मदत करायची नाही असं ठरवूनच. मग तिने माझ्याकडे पाहिलं. तिचं पेन टेबलावर बारीक आवाज करत होतं.

“नो, मॅम,” ती म्हणाली.

खोलीत सगळे माझ्याकडे बघायला लागले. पोलिश बुवाने मिशीवरून हात फिरवला. मला ते दोन शब्द अजून ऐकू येतात. किती जड गेले असतील तिला! तिच्या आजीच्या घरी कुठल्या मोठ्या बाईला “नो, मॅम” कधी म्हटलं गेलं असेल का, कुणास ठाऊक. मला एकदम माझ्या माहेरचं आठवलं. वडिलांच्या समोर “नाही” म्हणायला माझं लग्नाचं वय व्हावं लागलं होतं.

“काऊन?” मी म्हटलं. नागपूरचं ‘काऊन’ आलं तोंडात, राग किंवा माया दाटून आली की येतं. मग इंग्रजीत विचारलं, “व्हाय? टेल मी व्हाय.”

तिने सांगितलं. एका जागी निर्णय ठेवला तर ती जागा बंद पडल्यावर सगळं गोदाम बंद पडतं. मी म्हटलं, जागा बंद पडतच नाही. ती म्हणाली, पडते, आणि पडल्यावर दरवेळी कुणीतरी फोन करून तुलाच उठवतं. टेस्टरबाई, आमच्या अबोल टेस्टरबाई, म्हणाल्या, “दॅट्स ट्रू.” मी आवाज चढवला. तिनेही चढवला. मग आम्ही दोघी उठून फळ्यापाशी गेलो, ती खोडायची, मी काढायचे, मी खोडायचे, ती काढायची. जेवणाची वेळ उलटून गेली, कुणी उठलं नाही. शेवटी तिचंच म्हणणं राहिलं, माझी एक अट घालून. आणि देवाशपथ, त्या फळ्यावर उरलेलं चित्र मी एकटीने काढलेल्या कुठल्याही चित्रापेक्षा चांगलं होतं. मी तिथे खडू-बिडू नाही, मार्कर घेऊन उभी होते, आणि त्या चित्राकडे बघून माझ्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं हे या खोलीतच होतं, आणि माझ्या मानापोटी कुणी काढलं नव्हतं.

लोक जेवायला पांगले. मी फळ्याचा फोटो काढत होते. मागून आवाज आला.

“काकू, तू जेवलीस का?”

मी वळले. ती दारात उभी होती, हातात रिकामा कप. सवयीने माझं तोंड उघडलं, ‘तू नाही, तुम्ही’ म्हणायला. इतक्या वर्षांत तिची ही चूक पुन्हा झाली नव्हती. मग माझ्या लक्षात आलं की ही चूक नव्हे.

“‘तू’?” मी विचारलं.

“आता भांडता येतं ना,” ती म्हणाली. आणि हसली, त्या आठ-नऊ वर्षांच्या पोरीसारखी.

वय वाढतं तसे आपल्याला ‘तू’ म्हणणारे कमी होत जातात. वडील गेले, मोठी बहीण गेली, आई गेल्या वर्षीच गेली. मुलगा इंग्रजीतच बोलतो. माझ्या नवऱ्याशिवाय मला ‘तू’ म्हणणारं या जगात कुणी उरलं नव्हतं, आणि हे ती त्या दारात उभी राहीपर्यंत माझ्या लक्षातही आलं नव्हतं. कुणी ‘तू’ म्हणत नाही, यालाच मी मान समजत होते.

“नाही जेवले,” मी म्हटलं. “चल. आणि ते ‘सगले’ आज तुझ्याकडून घोटून घेणार आहे मी.”

“नो, मॅम,” ती म्हणाली, आणि आम्ही जेवायला गेलो.